दुसरा गोल

१

दर गुरुवारी पावणेअकराला केदारे सर इंदिरानगरातल्या आपल्या फ्लॅटला कुलूप लावत, दोनदा ओढून बघत, अर्धा जिना उतरून पुन्हा वर येत आणि तिसऱ्यांदा ओढून बघत. मग रिक्षा. भांडी बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वर, तीन खोल्यांचं एक संग्रहालय होतं. नाव घातलेल्या भांड्यांचं. तांब्यापितळेची जुनी भांडी, आणि प्रत्येकावर छिन्नीनं ठोकून घातलेलं कोणाचं तरी नाव, गाव, तारीख. हा जिना चढणारा माणूस रोगराईच्या आधीही विरळाच होता. आता तर नियम होता, एका वेळी पाचच जण. पाच कधी झालेच नाहीत.

सर चौऱ्याहत्तर वर्षांचे. डॉ. धोंडीराम केदारे, संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. छत्तीस वर्षं त्यांनी मुलांना शंका घ्यायला शिकवलं. त्याचा परिणाम एवढाच झाला की मुलं नोकरीला लागली आणि शंका सरांकडे राहिल्या.

ते इथे येत ते एका तांब्यासाठी. दुसऱ्या खोलीतल्या चौदा नंबरच्या कपाटात त्यांच्या बायकोचा, यशोदाबाईंचा तांब्या होता. तो त्यांनीच संग्रहालयाला दिला होता, टाळेबंदीच्या आदल्या महिन्यात. सप्टेंबरात त्या कोविड वॉर्डातच वारल्या. आता फेब्रुवारी उजाडला होता, संग्रहालय पुन्हा उघडलं होतं, आणि घरात यशोदाबाईंचं असं काही उरलं नव्हतं की ज्याच्यासमोर माणसाला दहा मिनिटं उभं राहता येईल. साड्यांसमोर कोण उभं राहतं?

जिना संपला की टेबल, टेबलासमोर छतापासून लोंबणारा प्लास्टिकचा पडदा, आणि पडद्यामागे सहादू. हा दिंडोरीकडचा, साठीला टेकलेला रखवालदार. एका हातात सॅनिटायझर, दुसऱ्या हातात ताप बघायचं पिस्तुलासारखं मशीन.

"या सर. हात करा पुढं. आता कपाळ." टिक. "सत्त्याण्णव पॉइंट दोन. नवरदेवावानी तब्येत हाय तुमची."

"नवरदेवाला ताप असतो, सहादू."

"तो मागून येतो," सहादू म्हणाला आणि स्वतःच हसला.

मग त्यानं मशीन सरांच्या डाव्या बाजूला नेलं, वीतभर वर धरलं आणि पुन्हा खटका दाबला. टिक. मशीनच्या काचेकडे बघून तो पुटपुटला, "लो दाखवतंय," आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मशीन तपासत असेल, सर मनाशी म्हणाले. आधी माणसाचं तापमान, मग हवेचं. तुलनेसाठी. त्यांना ते आवडलंसुद्धा. सरकारी खात्यात पीएच.डी. झालेले लोक एवढी काळजी घेत नाहीत.

२

आतला रस्ता एकाच दिशेचा होता. जमिनीवर पिवळे बाण, आणि प्रत्येक कपाटासमोर सहा फुटांच्या अंतरानं रंगवलेले दोन गोल. एका गोलात एकानं उभं राहायचं. एका खोलीत दहा मिनिटं, की बाहेरून सहादू पितळेची जुनी घंटा वाजवायचा. मग पुढची खोली. तिसऱ्या खोलीतून मागच्या लोखंडी जिन्यानं खाली. आल्या वाटेनं परत जायचं नाही.

पहिल्या खोलीतले बंब आणि घंगाळं सरांना पाठ झाली होती. दुसऱ्या खोलीत चौदा नंबरसमोर ते पहिल्या गोलात उभे राहिले.

तांब्या साधाच होता, पोटाशी जरा चेपलेला. त्यावर लिहिलं होतं: 'सखुबाई हिस लग्नात मामाकडून भेट'.

यशोदाबाईंच्या मामांना वाचता येत नव्हतं. एकाहत्तर सालच्या मे महिन्यात त्यांनी याच बाजारात दोन दिवस बसून भाचीच्या लग्नासाठी तांब्यावर नाव घालून घेतलं. नाव घालणाऱ्यानं दोन लग्नांची भांडी अदलाबदल केली. मामा भर मंडपात तो तांब्या डोक्यावर घेऊन नाचले. वाचता येणाऱ्या सगळ्यांनी वाचलं, आणि मामांचा चेहरा बघून एकालाही बोलायचा धीर झाला नाही. यशोदाबाई जन्मभर सखुबाईच्या तांब्यातून पाणी प्यायल्या. "आता ती यायची एक दिवस मागायला," म्हणायच्या, "आणि म्हणायची, नवरा पण माझाच होता, चुकून तुझ्याकडे आला. मी म्हणेन, घेऊन जा बाई, कुलूप तीनदा ओढतो."

कपाटावर संग्रहालयाच्या तृप्ती मॅडमनी चिठ्ठी लावली होती. चुकून पडलेल्या नावाची हकीकत, आणि खाली एक ओळ: 'एकदा घातलेले नाव काढता येत नाही. कानशीने घासल्यास पत्रा पातळ होऊन भांडे गळू लागते.'

सरांच्या मागे कुठेतरी प्लास्टिक चुरगळल्याचा आवाज झाला. पिशवीची घडी उलगडावी तसा, मग थांबला. बाहेरचा पडदा वाऱ्यानं हलला असणार. सरांनी खिडकीकडे बघितलं. खिडकी बंद होती. दुसरी एखादी उघडी असेल.

निघताना त्यांची नजर खाली गेली. खोलीतले सगळे गोल कोरे, पिवळेजर्द होते. फक्त चौदा नंबरसमोरचा दुसरा गोल, त्यांच्या मागचा, मधोमध झिजून खालची फरशी दिसत होती.

३

पुढच्या गुरुवारी सरांनी वही उलट्या बाजूनं वाचली. परीक्षेच्या हॉलमध्ये फिरून ही कला येते. त्यांच्या नावापुढे व्यक्तींच्या रकान्यात दोनचा आकडा होता. तापमानाच्या रकान्यात वर सत्त्याण्णव पॉइंट तीन, त्याखाली 'लो'.

"सहादू, इथं दोन का लिहिलंय?"

"दोन हायेत म्हणून."

"दोन कोण?"

"तुमी अन मॅडम."

"मी एकटाच येतो."

सहादूनं मास्क नाकावर ओढला आणि आवाज खाली आणला. "आता सर, तुमचं भांडण झालं आसल तर मी मधी बोलणारा कोण? माझी पण बोलत नाय माझ्याशी, पोळा झाला तवापासून. पण नियम हाय. माणूस बोलू नायतर नको बोलू, मोजावं लागतं."

सर मागे वळले. जिना होता. काथ्याचं पायपुसणं होतं. भिंतीवर मास्कची तीन चित्रं होती, दोन चुकीची आणि एक बरोबर.

"कुठं आहेत?"

"तुमी वळले तवा गेल्या की आत. दाराला डोकं लागंल म्हणून वाकून गेल्या. उंच हायेत लय."

त्या दारातून सर दर वेळी ताठ जात. त्यांची उंची पाच फूट सात इंच होती आणि वर चार बोटं तरी उरत.

ते आत गेले. खोलीत कोणी नव्हतं. बंब होते, घंगाळं होती, प्रत्येकावर कोणाचं तरी नाव होतं.

त्या दिवशी घरी येऊन सरांनी एका वहीत मुद्दे लिहिले, कारण घाबरल्यावर ते मुद्दे लिहीत. सहादूच्या डोळ्यात मोतीबिंदू असेल. कोणी बाई त्याच वेळी येऊन पुढे जात असेल. सहादू थट्टा करत असेल. दुसरं कोणी नाही हे धरून चालायचं, ते खोटं ठरेपर्यंत. हेच शिकवत आलो.

आणि मग एक मुद्दा त्यांनी लिहिला नाही. भूत, पिशाच्च, आत्मा हे शब्द त्यांच्या वडिलांनी छप्पन साली देव्हाऱ्यातल्या टाकांबरोबर घराबाहेर काढले होते. तेव्हा सर नऊ वर्षांचे होते. टाकांची पिशवी त्यांनीच नदीपर्यंत नेली होती. त्या पिशवीतलं काही परत येईल असं त्यांना आजवर कधी वाटलं नव्हतं. तरी त्या दुपारी, चहाचा कप हातात गार होत असताना, क्षणभर त्यांना आनंद झाला. यशोदा असेल तर?

पण यशोदा त्यांच्या खांद्याला लागायची. तीही अंबाडा घालून.

४

सप्टेंबरची गोष्ट सरांनी कोणाला सांगितली नव्हती. जी सांगितली होती ती वेगळी होती.

दवाखान्यातून फोन आला तो सकाळी आठला. केदारे पेशंट गेल्या. ओळख पटवायला एकानं यायचं, किट घालून, लांबून, दोन मिनिटं. सरांची चाचणी निगेटिव्ह होती. दवाखाना पंधरा मिनिटांवर होता. मुलगी मनीषा बंगळुरूला अडकलेली, तिच्या इमारतीला पत्रे ठोकलेले.

सरांनी एक पाकीट घेतलं आणि त्याच्या पाठीवर हिशोब मांडला. वय त्र्याहत्तर, मधुमेह, बंद जागेतली दोन मिनिटं. लागण होण्याची शक्यता, लागण झाली तर मरण्याची शक्यता, गुणाकार. उत्तर फार मोठं नव्हतं. शून्यही नव्हतं. यशोदा तिथे असती तर म्हणाली असती, गेलेल्यासाठी राहिलेल्यानं कशाला जीव टाकायचा? हे वाक्य सरांनीच तिच्या तोंडी घातलं आणि मग तिचं म्हणून मान्य केलं.

"दुसरी काही सोय आहे का?" त्यांनी विचारलं.

होती. कर्मचाऱ्यानं फोटो पाठवला. पांढऱ्या-निळ्या प्लास्टिकच्या पिशवीची चेन गळ्यापर्यंत उघडलेली, वरून उजेड पडून अर्धा चेहरा चकाकत होता. गाल बसलेले, तोंड उघडं. महिनाभराच्या आजारानं माणूस बदलतं. नळी काढली की तोंडाचा आकार बदलतो. सरांचा चष्मा धुकटला होता, तो त्यांनी पुसला नाही. हनुवटीवर तीन हिरवट ठिपके होते. मास्कच्या पट्ट्यानं दाब पडून रक्त साकळलं असेल.

सरांच्या आईच्या हनुवटीवर तसंच गोंदण होतं. गोंदण कसं दिसतं हे त्यांना न कळायचं काही कारण नव्हतं. यशोदाच्या हनुवटीवर काहीही नव्हतं.

"सर, लवकर सांगा," कर्मचारी म्हणाला. "खाली गाडी उभी हाय. मागं अजून नऊ जण हायेत."

"होय," सर म्हणाले.

"नाव पूर्ण?"

"यशोदा धोंडीराम केदारे."

फोटो आल्यापासून अकरा सेकंद गेले होते. नंतर त्यांनी फोटो पुसला, चॅटमधून आणि गॅलरीतूनही, आणि मनीषाला फोन केला. ती रडत रडत एकच विचारत होती, "पप्पा, तुम्ही बघितलं ना तिला? कोणीतरी बघितलं ना?"

"मी गेलो होतो," सर म्हणाले. "मी स्वतः बघितलं."

त्या एका वाक्यावर मनीषा तगली होती. मैत्रिणींच्या घरी कोणी कोणाला बघू शकलं नाही. माझ्या पप्पांनी बघितलं, असं ती सांगायची. सरांनी तिला सांगताना एकदा ऐकलं होतं.

आणि ठिपके रोज होते. दाढी करताना, दूध तापवताना. सर स्वतःला समजवत: रक्त साकळलं असेल. शक्यता चाळीस टक्के. मग तीस. मग ते आकडा घालायचं सोडून देत.

५

मार्चमध्ये तृप्ती मॅडमचा फोन आला. चाळिशीची, नीट बोलणारी बाई. यशोदाबाईंनी तांब्या दिला तेव्हा हिनंच त्यांना चहा पाजला होता.

"सर, येत्या गुरुवारनंतर आम्हाला पुन्हा बंद करायला सांगितलंय. आकडे वाढतायत. आणि एक अडचण आहे. आतापर्यंत एका कुटुंबाचं एकच नाव चालत होतं. आता प्रत्येकाचं वेगळं लागणार, मागच्या नोंदींचंसुद्धा. वही जमा करायची आहे."

"बरं."

"तुमच्याबरोबर ज्या बाई येतात त्यांचं नाव नाही लिहिलेलं." ती थांबली. "मॅडम गेल्याचं मला माहीत आहे सर, म्हणून विचारायला जड गेलं. नातेवाईक असतील कोणी."

"तुम्ही बघितलंय त्यांना?"

"मी खाली ऑफिसात असते. सहादूकाकांनी सात गुरुवार लिहिलंय. ते एरवी चुकत नाहीत हो. तेवढं नाव घाला म्हणजे झालं."

नाव घाला, ती म्हणाली. सरांना ते हातोडीसारखं ऐकू आलं.

गुरुवारी त्यांनी कुलूप एकदाच ओढलं. जिन्यावर सहादूनं दोनदा टिक केलं. सरांनी त्याच्याकडे बघितलं नाही, आणि डावीकडे तर नाहीच. त्यांनी ठरवलं होतं, आज तपासायचं. वळलं की काही दिसत नाही, हे ठरलेलं आहे. मग वळायचं नाही. कपाटाची काच आहे. पहिल्या गोलात उभं राहायचं, तांब्याकडे बघायचं, आणि मग तांब्याच्या अलीकडे, काचेवर नजर आणायची. काही दिसलं नाही तर वहीत 'नोंद चुकीची' असं लिहून सही करायची आणि घरी जाऊन जेवायचं.

पहिली खोली. घंटा. दुसरी खोली.

खिडकीतून मार्चचं ऊन येत होतं. फरशी स्वच्छ पुसलेली, फिनेलचा वास. त्यांच्यामागे, सहा फुटांवर, प्लास्टिक हळूच चुरगळलं आणि थांबलं, जसं कोणी नीट उभं राहावं.

सरांनी तांब्या बघितला. सखुबाई हिस लग्नात मामाकडून भेट. ही सखुबाई तर नसेल? नाही. एवढी नीट जुळणी गोष्टींमध्ये होते. ही कोणीतरी आहे. पेठकडची, सुरगाण्याची, आणखी कुठली. जिच्या घरच्यांना त्या सकाळी दुसराच फोटो गेला असेल, किंवा गेलाच नसेल.

त्यांनी नजर अलीकडे आणली.

काचेत आधी त्यांचं स्वतःचं टक्कल दिसलं. त्याच्या वर, डावीकडे, चकाकणारं काहीतरी. पावसाळ्यात माणसं डोक्यावरून प्लास्टिकचा कागद घेतात तसा कागद, खांद्यावरून खाली आलेला. चेहऱ्याचा वरचा भाग काचेच्या चौकटीबाहेर जात होता, इतकी ती उंच होती. खालचा दिसत होता. तोंड मिटलेलं. हनुवटी. हनुवटीवर तीन ठिपके, हिरवे, स्पष्ट, सुईनं टोचून काढलेले.

ती तांब्याकडे बघत नव्हती. कुठे बघत होती ते चौकटीबाहेर होतं. पण हनुवटी खाली झुकली होती, त्यांच्या मानेकडे, बोलावलेल्या माणसानं पुढचं काही सांगायची वाट बघावी तशी.

खिशात फोन वाजला. सरांनी तो कसा कानाला लावला ते त्यांना आठवत नाही.

"पप्पा, कुठे आहात? आईच्या तांब्याकडे?"

"हो."

"एकटेच गेलात ना? ऐकत नाही तुम्ही. आकडे वाढतायत." मग तिचा आवाज बदलला. "पप्पा, एक विचारू का? इतके दिवस धीर नाही झाला. आईच्या चेहऱ्यावर शेवटी त्रास दिसत होता का?"

काचेतली हनुवटी हलली नाही.

आत्ता सांगता आलं असतं. मनीषा, मी गेलो नव्हतो. मनीषा, ती तुझी आई नव्हती, मला त्याच क्षणी कळलं होतं, खाली गाडी उभी होती. पत्रा घासायला कानस हातात होती. आणि मग सगळं गळालं असतं, मनीषाचे सहा महिने, त्यांची छत्तीस वर्षं, सगळं.

"नाही," सर म्हणाले. "शांत होती. मी नीट बघितलं."

बाहेर घंटा वाजली.

६

तिसऱ्या खोलीच्या दाराशी, मागच्या जिन्याच्या तोंडावर, सहादू टेबल घेऊन बसला होता. जातानाही तापमान घ्यायचं, असा आता नियम होता.

"तृप्ती मॅडमनी सांगितलं आसल तुमाला," सहादूनं वही पुढे सरकवली आणि पेनावर सॅनिटायझर शिंपडलं. "आठ ओळी हायेत. आठीच्या आठी भरा, म्हंजी मी सुटलो."

सरांनी पेन घेतलं. आठ गुरुवार, आठ रिकामे चौकोन. 'नोंद चुकीची' हे दोनच शब्द लिहायचे होते. त्यांचं अक्षर सुरेख होतं. फळ्यावर लिहिलेलं पुसताना मुलांना वाईट वाटायचं.

"सहादू, तुला खरंच दिसतं?"

"काय दिसतं?"

"काही नाही."

"तुमाला नाव आठवत नाय का?" सहादूनं सरांच्या खांद्यावरून वर बघितलं आणि ओशाळून हसला. "घ्या, बाईमाणूस उभं हाय समोर अन् नवरा नाव इसरला. माझी असती तर ही वहीच हाणली असती डोक्यात."

सरांच्या मानेवर गार काहीतरी होतं. पंखा नव्हता. ते ओळखीचं वाटत नव्हतं, आणि त्रासाचंही नव्हतं. वर्गात शिक्षक हजेरी घेताना शेवटच्या बाकावरचं पोर जसं आपल्या नावाची वाट बघतं, तेवढंच होतं ते.

हिला दुसरं नाव होतं. ते कोणाला माहीत होतं? कोणत्या तरी गावात कोणाला तरी. तिथून कोणी विचारायला आलं नाही, आणि आलं असतं तरी जळालेल्या माणसावर एक नाव आधीच पडलं होतं, त्यांनी घातलेलं, अकरा सेकंदांत.

सरांनी लिहिलं. यशोदा धोंडीराम केदारे. आठ वेळा. एकदाही खाडाखोड न करता.

"झकास," सहादू उठला. मशीन सरांच्या कपाळावर धरलं. "सत्त्याण्णव पॉइंट दोन." मग डावीकडे, वीतभर वर. टिक. तो थांबला, काच बाहीला पुसली, पुन्हा बघितलं. "हे बघा! आज आलं बरोबर. सत्त्याण्णव पॉइंट चार. मी म्हणतच होतो, मशीनचा दोष हाय. माणूस कधी लो आसतं का?"

"नसतं," सर म्हणाले.

लोखंडी जिना अरुंद होता. ते उतरत असताना प्रत्येक पायरी दोनदा वाजत होती, एकदा त्यांच्या बुटाखाली आणि एकदा नंतर. प्लास्टिकचा आवाज आता येत नव्हता. त्याऐवजी बांगड्यांसारखं काहीतरी, फार हलकं.

मधल्या वळणावर सर कठडा धरून थांबले, कारण एक साधा प्रश्न, जो पहिल्याच दिवशी सुचायला हवा होता, तो त्यांना आत्ता सुचला. हिला त्यांनी होय म्हटलं आणि ही आली. मग जिला कोणीच होय म्हटलं नाही, ती कुठे उभी असेल? कोणाच्या मागे? त्या मागच्या नऊ जणांत खांद्याएवढी एक बाई होती, अंबाडा सुटलेली. तिचा फोटो कोणाला गेला? कोणी बघितला? का कोणी बघायचं राहिलं म्हणून ती अजून आपली पाळी येईल म्हणून थांबली आहे, कुलूप तीनदा ओढणारा माणूस येईल म्हणून?

यावर मुद्दे लिहिता येण्यासारखे नव्हते.

खाली गल्लीत रिक्षा उभी होती. मागे दोनच प्रवासी, असा कागद आत चिकटवलेला.

"इंदिरानगर," सर म्हणाले, आणि सवयीनं दांडीला धरून बाजूला उभे राहिले. यशोदाला कडेला बसायची भीती वाटायची; ती आधी चढायची, आत सरकायची, मग ते. पन्नास वर्षांची सवय.

"बसा की बाबा," रिक्षावाला म्हणाला.

"थांबा जरा," सर म्हणाले.

रिक्षा आतल्या बाजूला हळूच दबली. कुठेतरी स्प्रिंग करकरली.

मग ते बसले.